मेहुण्याचा घोडा

माझ्या मेहुण्याने बारा वर्षं पाण्याच्या पंपांवर स्टिकर चिकटवले. कारखान्यात पंप तयार होऊन यायचा, हा तो एका चौकटीवर बसवायचा, पाच मिनिटं चालवायचा, दोन मीटरांच्या काट्यांकडे बघायचा आणि मग पंपाच्या पोटावर एक हिरवं गोल स्टिकर लावायचा. त्यावर लिहिलेलं असायचं ‘पास’. एवढ्या कामाला तिथे तपासनीस म्हणत. कारखाना बंद पडला तेव्हा कामगारांनी पंखे नेले, खुर्च्या नेल्या, एकाने तर फाटकाचं कुलूप नेलं. आमचे साहेब स्टिकरांची दोन रिळं घेऊन बाहेर पडले आणि थेट माझ्या घरी राहायला आले.

मी इंजिनं बांधतो. गाडीचं इंजिन मेलं की लोक ते उतरवून माझ्याकडे आणतात. मी ते शेवटच्या नटापर्यंत सोडतो, झिजलेलं बदलतो आणि पुन्हा जोडतो. घराला लागूनच माझी पत्र्याची शेड आहे. तिच्यात एक चेन-पुली, दोन टेबलं, एक स्टूल आणि भिंतीवर ओळीने टांगलेले पान्हे. मीटर एकही नाही. इंजिन तपासायला माझ्याकडे हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा एक स्क्रू-ड्रायव्हर आहे. टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. आत कोण सुखी आहे आणि कोण रडतंय, सगळं कळतं. एकतीस वर्षं मी हेच केलं. लोक चांगल्या चालत्या गाड्या घेऊन यायचे आणि म्हणायचे, “मिस्त्री, जरा कान लावून बघा.” मी ऐकायचो आणि सांगायचो, दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह. उघडून बघितलं की दुसऱ्याचाच निघायचा.

अशा माणसाला मेहुणा एका सकाळी चहा पिताना म्हणाला, “भावोजी, इंजिन गाडीत बसवायच्या आधी बाहेरच चालवून बघता येईल असा एक स्टँड करू या का?”

मी कप खाली ठेवला. “हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

त्यावर तो काहीतरी पुटपुटला. तो पुटपुटतोच. हल्ली सगळं जगच पुटपुटतं. गिऱ्हाइकं दात आवळून बोलतात, टीव्हीवरचे बातम्या सांगणारे ओठ न उघडता बातम्या सांगतात आणि केबलच्या बिलाला मात्र उशीर झालेला चालत नाही. आमच्या वेळी माणसं तोंड उघडून बोलायची. बायको तेवढी अपवाद. तिचा आवाज वयाबरोबर चढत चालला आहे, पण बायकांचं ते होतंच असं मी धरून चाललो होतो.

मेहुण्याचं म्हणणं असं, की वर्षभरात तीन इंजिनं परत आली. आली, मी कुठे नाही म्हणतोय. पण का आली हे त्याला कोण सांगणार? टॅक्सीवाल्याने थंड इंजिन पिळलं. पाववाल्याच्या ड्रायव्हरने कुठलं तरी हलकं ऑइल घातलं. तिसरी गाडी डॉक्टरची होती, आणि डॉक्टरांना गाडी चालवता येत नाही हे कुणीही सांगेल. माझं काम चोख होतं. इंजिन परत आलं की ते पुन्हा गाडीतून उतरवावं लागतं, दोन दिवस वाया जातात आणि वर गिऱ्हाइकाचं तोंड बघावं लागतं, एवढं खरं.

“करू दे की त्याला,” बायको जवळजवळ ओरडलीच. “हाताला काम तरी लागेल.”

मी शेडचा एक कोपरा दिला. घरात बसून माझी वर्तमानपत्रं वाचण्यापेक्षा तिथे बसून लोखंड वाया घालवलेलं बरं, असा विचार केला.

लोखंड म्हणजे सासूबाईंची जुनी पलंगाची चौकट. ती त्याने कापली. कापायच्या आधी प्रत्येक तुकडा तीनदा मोजला आणि तिन्ही मापं वहीत लिहिली, जणू पलंग मध्येच वाढणार होता. वेल्डिंग त्याला येत नव्हतं. जोडावर त्याने जे काही केलं ते बघून वाटावं, वरून पक्ष्यांची रांग गेली असावी. खाली चाकं लावली ती दवाखान्याच्या भंगारातल्या ट्रॉलीची. भंगारातलाच एक रेडिएटर पुढे बांधला. पेट्रोलसाठी प्लॅस्टिकची बाटली उलटी टांगली, सलाइन लावतात तशी. एका फळीवर किल्ली, एक लाल बटण आणि दोन मीटर बसवले, एक ऑइलच्या दाबाचा, दुसरा तापमानाचा. या फळीला त्याने रंगही दिला. आम्ही कारागीर अशा बैठकीला घोडा म्हणतो. हा त्याला ‘चाचणी यंत्रणा’ म्हणायचा. मी स्टुलावर बसून तीन आठवडे हा तमाशा फुकटात बघितला.

खरी मजा मला पुढे दिसत होती. ज्या दिवशी त्याने कागदावर चित्र काढलं, त्याच दिवशी मी त्यातली खोट ओळखली होती. गाडीचं इंजिन चालू करतो तो स्टार्टर, आणि स्टार्टरचे बोल्ट इंजिनाला नाही, मागच्या गिअरबॉक्सच्या कवचाला लागतात. आमच्या शास्त्रज्ञांनी गिअरबॉक्स नको म्हणून गाळला होता. म्हणजे सगळं असणार होतं, फक्त स्टार्टर बसवायला जागा नसणार होती. पाच वर्षं नुसते नट धुतलेल्या माणसालाही हे कळलं असतं. मी काही बोललो नाही.

तीन आठवड्यांनी त्याने एक भंगार इंजिन चेन-पुलीने उचललं, घोड्यावर ठेवलं, बोल्ट आवळले, पाणी भरलं, तारा जोडल्या. मग स्टार्टर हातात घेतला आणि इंजिनाच्या मागे गेला. तिथून डावीकडे आला. मग उजवीकडे गेला. शेवटी दुसऱ्याचं मूल हातात दिल्यासारखा तो स्टार्टर धरून मधोमध उभा राहिला.

“काय रे, कुठे बसवणार?” मी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं.  “तुम्हाला माहीत होतं,” तो म्हणाला. हे मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

“पहिल्या दिवसापासून,” मी म्हणालो आणि हसलो. त्या संध्याकाळी मी जेवलोही चांगलं.

पण निर्लज्ज माणसाला हरवणं कठीण. दुसऱ्या दिवशी तो भंगारवाल्याकडून एक मेलेला गिअरबॉक्स घेऊन आला आणि दोन दिवस करवतीने त्याचं पुढचं कवच कापत बसला. ते इंजिनाला जोडलं, त्याला स्टार्टर लावला आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं हे मी मान्य करतो. आणि सुरू झाल्याबरोबर घोडा दवाखान्याच्या चाकांवरून थेट माझ्याकडे चालत निघाला. मी दोन्ही पाय स्टुलावर घेतले. मेहुण्याने धावत जाऊन लाल बटण दाबलं तेव्हा तो थांबला.

“जमीन उताराची आहे,” तो म्हणाला.

“नाचता येईना, अंगण वाकडं,” मी म्हणालो.

त्याने चाकं काढली आणि चार बोल्टांनी घोडा जमिनीला ठोकून टाकला. त्यानंतर तो हलला नाही. माझ्याकडून शाबासकीची वाट बघत मेहुणा जरा वेळ हात पुसत राहिला. मी सांगितलं की सासूबाई त्या पलंगावर घोरताना यापेक्षा जास्त आवाज करायच्या.

त्याच आठवड्यात व्हॅनवाली आली. ही बाई शाळेच्या मुलांची ने-आण करते, चौदा मुलं, सकाळ-दुपार. तिच्या गाडीत ऑइलचा लाल दिवा तीन दिवस पेटत होता आणि बाईंनी त्यावर मुलांच्या चित्राचं स्टिकर लावलं होतं. इंजिन आतून जळून गेलं. मी तिला तिच्या अकलेबद्दल जे वाटलं ते सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

“झालं बोलून?” ती म्हणाली. तिचा आवाज खणखणीत आहे, हा तिचा एक गुण. “आता माझं ऐका, मिस्त्री. सोमवारी सकाळी गाडी दारात उभी पाहिजे. शाळेने सांगितलंय, सोमवारी नाही आली तर मुलं दुसऱ्याच्या गाडीत. मग मी बसले घरी. आणि टॅक्सीवाल्यासारखं चार दिवसांनी परत आणायला लावू नका.”

शेडमध्ये मेहुणा होता, दारात बायको होती. टॅक्सीवाला गावभर काय सांगत फिरत होता, हे मला तेव्हा कळलं. माझं टाळकं सरकलं.

“बाई, हे इंजिन मी ठीक म्हटल्यावर त्यात एवढीशी जरी खोट निघाली,” मी म्हणालो, “तर मी पान्हा खाली ठेवीन. कायमचा. या शेडमध्ये तुमची व्हॅन लावा, मी झाडून देईन.”

“तुम्ही ठीक म्हटल्यावर,” ती म्हणाली. “लक्षात ठेवते.”

बायको आत गेली. मेहुणा त्याच्या घोड्याच्या बोल्टांकडे बघत बसला.

इंजिन मी एकट्याने बांधलं, मेहुण्याला हात लावू दिला नाही. क्रँक घासून आणला, बेअरिंग बदलले, पिस्टन नवे घातले. प्रत्येक पिस्टन त्याच्या रॉडला एका पिनने अडकलेला असतो आणि ती पिन रॉडच्या डोक्यातल्या छोट्या पितळी बुशमध्ये फिरते. बुश केसभर मोठा झाला तर इंजिन बोलायला लागतं. हे तपासायची माझी स्वतःची रीत आहे. पिस्टन एका हातात, रॉड दुसऱ्या हातात, कानाशी धरून हलवायचं. सैल असेल तर बारीक टक वाजतं. मी चारही हलवले. चारही गप्प होते. शुक्रवारी शेवटचा बोल्ट आवळला.

“गाडीत चढवायच्या आधी घोड्यावर घेऊ या?” मेहुण्याने विचारलं.

मी हो म्हणालो. का, तर त्याची एकदाची हौस फिटावी आणि माझं काम त्याच्याच मीटरांनी त्याच्याच तोंडावर मारावं म्हणून. व्हॅनवालीलाही मुद्दाम बोलावणं धाडलं. शनिवारी दुपारी ती आली, पर्स पोटाशी धरून घोड्यापासून चार हात लांब उभी राहिली.

मेहुण्याने किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झालं. ऑइलचा काटा वर चढला आणि जिथे असायला हवा तिथे थांबला. दहा मिनिटांनी पाणी तापलं, तोही काटा शहाण्यासारखा मध्यावर उभा राहिला. मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली. आत शांतता होती. दूरवर गिरणी चालावी तशी एकसारखी घरघर, बाकी काही नाही. माझी सगळीच इंजिनं हल्ली अशी शांत झाली होती, आणि मला त्याचा अभिमान होता.

“बघ तुझे काटे,” मी मेहुण्याला म्हणालो. “पलंग मोडलास, महिना घालवलास, आणि यंत्रणेने काय सांगितलं? जे मी काल सांगत होतो तेच. डोंगर पोखरून उंदीर.” मग व्हॅनवालीकडे वळलो. “बाई, इंजिन ठीक आहे. सोमवारी मुलांना घेऊन जा.” आणि पुन्हा मेहुण्याला म्हणालो, “आणलीयेस ना ती रिळं? लाव एक. एवढंच तर येतं तुला.”

त्याने खिशातून रीळ काढलं. एक हिरवं स्टिकर सोडवलं. ते बोटावर घेऊन तो उभा राहिला. इंजिन चालूच होतं.

“लाव की.”

तो हलला नाही. मी ओरडलो तरी हलला नाही. तेवढ्यात बायको चहाचा ट्रे घेऊन दारात आली. स्वयंपाकघरात जिचं आयुष्य गेलं आणि जिला बोल्ट आणि नट यातला फरक सांगता येणार नाही, ती दारातच थबकली.

“अहो,” ती मोठ्याने म्हणाली, “हे टकटक काय वाजतंय?”

“चहा ठेव आणि आत जा,” मी म्हणालो.

ती गेली नाही. मी व्हॅनवालीकडे बघितलं, म्हटलं, बाई आता हसेल. ती हसत नव्हती. मान जरा तिरकी करून ती इंजिनाकडे बघत होती आणि तिचं एक बोट पर्सवर आपटत होतं, दोनदा, थांबून पुन्हा दोनदा. मेहुण्याची नजर तिच्या बोटावर होती. बायकोची मानही त्याच ठेक्यावर बारीक हलत होती. तिघं एकच काहीतरी ऐकत होते. ते माझ्या शेडमध्ये, माझ्या इंजिनातून, माझ्यापासून दोन हातांवर वाजत होतं आणि मी तिथे नव्हतो.

मेहुण्याने स्टिकर स्वतःच्या मनगटावर चिकटवून ठेवलं आणि पुढे झाला. तार काढली की तेवढा पिस्टन जोर लावत नाही, आणि खोट त्याच्यात असेल तर आवाज बदलतो. पहिल्या प्लगची तार उपटली, परत लावली. व्हॅनवालीचं बोट चालूच राहिलं. दुसऱ्याची उपटली. बोट चालूच. तिसऱ्याची उपटली तेव्हा बोट अडखळलं आणि त्याची चाल बदलली. त्याने माझ्यासमोर तीन बोटं धरली.

मी स्क्रू-ड्रायव्हर तिसऱ्यावर टेकवला. कान दाबून धरला. घरघर, बाकी काही नाही. दुसरा कान लावला. घरघरही जरा कमी. टोक वर नेलं, खाली नेलं, पुन्हा कान बदलला.  मला भीती वाटली. चालत्या इंजिनासमोर उभं राहून मला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली आणि ती तिघांनाही दिसली.

मेहुणा माझ्या जवळ आला. कानाला तोंड लावून, जवळजवळ ओरडून म्हणाला, “आमच्या कारखान्यात एक म्हातारा तपासनीस होता. मशीनच्या आवाजाने त्याचे कान गेले होते. तो सळई दातात धरायचा.”

तुमच्या कारखान्यात सगळेच बिनडोक होते, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ओठांवर दुसरं काही ठेवायची वेळ होती. मी टोक तिसऱ्यावर टेकवलं आणि मूठ दातात धरली. एकतीस वर्षांचं ऑइल आणि घाम जिभेला लागला.

आणि ते आलं. कानातून नाही, जबड्यातून, कवटीतून. टक-टक. टक-टक. जोडी-जोडीने. पिस्टनच्या पिनचा आवाज, सैल बुशचा, एवढा उघड की शाळेतल्या पोराने ओळखावा. मला आनंद झाला, हे आधी सांगतो. किती दिवसांनी कुणीतरी माझ्याशी नीट बोललं होतं. लाज त्यानंतर वाटली, आणि ती सावकाश वाटली. टॅक्सीवाल्याने इंजिन पिळलं नव्हतं. पाववाल्याचं ऑइल चांगलं होतं. डॉक्टरला गाडी चालवता येत असावी. वर्षभर माझंच अंगण वाकडं होतं आणि मी गावभर नाचणाऱ्यांना नावं ठेवत होतो.

मेहुण्याने लाल बटण दाबलं. इंजिन थांबलं. मी मूठ दातातून काढली नाही, कारण काढली असती तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

बायकोने ट्रे टेबलावर ठेवला. “दोन वर्षं झाली,” ती म्हणाली. शेड शांत होती आणि ती ओरडून बोलत होती, त्यामुळे शब्दन् शब्द कळला. “दोन वर्षं मी घसा फोडून बोलतेय. शेजारची विचारते, तुमचं रोज एवढं काय भांडण असतं. डॉक्टरांकडे चला म्हटलं की म्हणता, जगच पुटपुटतं. रात्री उशीवर तोंड ठेवून काही सांगावं असं होतं, ते मी सोडून दिलं. ते काय ओरडून सांगायचं असतं?”

मी व्हॅनवालीकडे बघायचं टाळलं. ती भिंतीवरच्या पान्ह्यांकडे बघत होती, तेवढी अक्कल तिला होती.

शेवटी मी मूठ काढली. लाकडात दातांचे खड्डे पडले होते. बायकोशी बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मेहुण्याला विचारलं, “तुला माहीत होतं?”

“आल्यापासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

त्याने चिंधीला हात पुसले, एकेक बोट सावकाश. “तुम्ही स्टार्टरचं सांगितलं होतंत?”

 मी लाकडातल्या खड्ड्यांवरून अंगठा फिरवला.

“तुमच्यासारखा मजा बघत नव्हतो मी,” तो म्हणाला. “तुम्हाला कुणी काही सांगू शकतं का? मला वाटलं, मीटर असला की बघून तरी कळेल, कान लावायची वेळच येणार नाही. पण ही खोट काट्यात दिसत नाही. ते मला आधी कळायला पाहिजे होतं. चूक आहे माझी.”

महिनाभर मी ज्याला स्टुलावरून टोमणे मारले, तो माणूस माझ्या बहिरेपणावर लोखंडाचा पूल बांधत होता आणि वर चूकही स्वतःची म्हणत होता. इतका राग मला त्याचा कधी आला नव्हता. पण त्या रागाला धरायला जागा कुठेच मिळेना. भिंतीवरचा एक पान्हा काढून मी खाली वाकून जमिनीवर ठेवला. शब्द दिला होता, तो पाळला.

व्हॅनवाली पुढे आली. तिने पान्हा उचलला, पदराला पुसावा तसा रुमालाने पुसला आणि माझ्यापुढे धरला.

“हे नंतर करा,” ती म्हणाली. “झाडून द्यायला शेड कुठे पळून जात नाही. माझी गाडी सोमवारी दारात पाहिजे.”

आम्ही इंजिन उतरवलं. आम्ही म्हणजे मेहुणा आणि मी. चारही रॉड बाहेर काढले तेव्हा तिसऱ्याचा बुश बोटाला जाणवेल इतका सैल होता. बोटाला विचारायची मला कधी गरज वाटली नव्हती. नवा बुश बसवून तो नीट मापात आणायला रविवारची सकाळ गेली. मेहुण्याने माप तीनदा घेतलं आणि वहीत लिहिलं.  चौथ्यांदा घे, एवढंच म्हणालो.

मग प्रश्न आला रॉड हलवून बघायचा. मी पिस्टन आणि रॉड हातात घेऊन उभा राहिलो आणि सवयीने कानाशी नेले. तसाच खाली घेतला. बायको दारात भाजी निवडत बसली होती. तिला स्टुलावर बसवलं. त्या स्टुलावर माझ्याशिवाय कुणी कधी बसलं नव्हतं. तिने हात पुसले, केस मागे घेतले आणि मान पुढे केली. मी पिस्टन तिच्या कानाशी धरून हलवला.

“वाजतंय?”

तिने डोळे मिटले होते. डोकं हलवून नाही म्हणाली.

दुसरा धरला. नाही. नव्या बुशचा तिसरा धरला. नाही. चौथ्याला ती थांबली, माझं मनगट धरून मला पुन्हा हलवायला लावलं, आणि मग नाही म्हणाली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण तिला काय ऐकू येतं हे मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. मनगट तिने जरा उशिराच सोडलं.

दुपारी इंजिन परत घोड्यावर चढलं. व्हॅनवाली आली, बायको आली. किल्ली फिरली, काटे जागेवर गेले. मी मूठ दातात धरून चारही जागा तपासल्या आणि मला कुठे काही लागलं नाही. पण मी ठीक म्हणालो नाही. मी तिघांच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. व्हॅनवालीची बोटं पर्सवर स्वस्थ होती. बायकोची मान स्थिर होती.

“ठीक आहे?” मी मेहुण्याला विचारलं. एकतीस वर्षांत हा शब्द मी लोकांना सांगत आलो होतो, विचारायची पहिलीच वेळ.

तो आणखी पूर्ण पाच मिनिटं ऐकत राहिला, घड्याळ लावून. मग म्हणाला, “ठीक आहे,” आणि खिशातून रीळ काढून हिरवं स्टिकर इंजिनाच्या पोटावर लावलं.

बारा वर्षं हेच काम करत होता म्हणे. स्टिकर चांगलं बोटभर वाकडं लागलं होतं. ते मी लगेच दाखवून दिलं, डोळे अजून शाबूत आहेत माझे. तो त्यावर काहीतरी पुटपुटला.

“मोठ्याने बोल,” मी म्हणालो. “मला ऐकू येत नाही.”